भुताटकीच्या मोसमात डार्क फँटसी वाचताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यापासून हॅलोविनपर्यंतच्या काळात एखादी जाड, काळोखी कादंबरी नीट वाचून संपवायची आहे, अशा मुंबईकर वाचकांसाठी हे पान आहे. एकट्याने वाचणारे आणि सोसायटीत गट जमवून वाचणारे, दोघांचेही प्रश्न इथे घेतले आहेत.

डार्क फँटसी म्हणजे नेमकं काय? भयकथाच ना ती?

नात्यातली आहे, पण घर वेगळं. भयकथेत जग आपलं रोजचंच असतं आणि त्यात एक अघटित शिरतं. गिरगावातली चाळ, तिसऱ्या मजल्यावरची कायम बंद खोली, रात्री आतून येणारा पाटा-वरवंट्याचा आवाज. डार्क फँटसीत अघटित बाहेरून येत नाही, ते त्या जगाच्या पायातच असतं. तिथे मेलेल्यांशी देवघेव चालते, शापाला वारस लागतो, राखणदाराला दरवर्षी काहीतरी द्यावं लागतं आणि हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. त्यामुळे ‘हे खरं की भास?’ हा प्रश्न तिथे फार वेळ टिकत नाही. ‘याची किंमत कोण मोजणार?’ हा प्रश्न मात्र शेवटच्या पानापर्यंत टिकतो.

रत्नाकर मतकरी वाचलेल्यांना गूढकथेची आणि नारायण धारप वाचलेल्यांना भयकथेची सवय असते. दोन्ही सवयी इथे कामाला येतात, पण पुरत नाहीत. गूढकथेचा वाचक खुलाशाची वाट बघतो. इथे बहुतेकदा खुलासा तिसऱ्याच प्रकरणात होऊन गेलेला असतो आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

मुंबईत हा मोसम कधी धरायचा? ३१ ऑक्टोबरलाच का?

३१ ऑक्टोबर धरायला हरकत नाही, पण त्या सुमारास मुंबईत हवा कशी असते ते आठवा. ऑक्टोबर हीट नुकती ओसरत असते, किंवा नसतेही. पंखा पाचवर ठेवून, घाम पुसत भुतांच्या गोष्टी वाचायला वेगळीच निष्ठा लागते. शिवाय बरेचदा दिवाळी तोंडावर आलेली असते आणि घरात सफाई निघालेली असते.

आपलं पंचांग यापेक्षा चांगल्या तारखा देतं. आषाढातली दिव्यांची अमावस्या ही पहिली. बाहेर मुसळधार पाऊस आणि घरात घासूनपुसून मांडलेले दिवे. (त्याच तिथीला गटारी म्हणणाऱ्यांचा कार्यक्रम वेगळा असतो, त्यांच्याकडून त्या रात्री वाचनाची अपेक्षा ठेवू नये.) दुसरी आणि आमच्या मते सगळ्यात उत्तम जागा म्हणजे पितृपक्ष. अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं की ढोल-ताशे थांबतात. सर्वपित्री अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी घटस्थापना आणि मग नऊ रात्री गरबा. यांच्या मधला पंधरवडा तेवढा शांत. लग्नाच्या, गृहप्रवेशाच्या पत्रिका या दिवसांत येत नाहीत, त्यामुळे संध्याकाळी मोकळ्या मिळतात. चंद्र रोज थोडा झिजत जातो आणि घरोघरी गेलेल्यांची नावं निघत असतात. काळोख्या कादंबरीला याहून जास्त काय हवं?

२ नोव्हेंबरलाही विसरू नका. त्या दिवशी वांद्रे, वसईकडचे ख्रिस्ती लोक आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातात. हॅलोविनचं मूळ या जोडदिवसांशीच बांधलेलं आहे : ३१ ऑक्टोबर ही १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची आदली रात्र.

पावसात असली पुस्तकं जास्त भिडतात, हे खरं की नुसती हौस?

हवामानाचा या वाङ्मयप्रकाराशी जुना संबंध आहे. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याच्या राखेमुळे आणि वायूंमुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा जवळपास झालाच नाही. १८१६ च्या त्या गारठलेल्या, पावसाळी जूनमध्ये जिनिव्हा सरोवराकाठी काही मित्रमंडळी घरात अडकून पडली. वेळ घालवायला त्यांनी भुतांच्या गोष्टी वाचल्या आणि मग प्रत्येकाने एक लिहायची असं ठरलं. त्यातून मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) आली आणि पोलिडोरीची रक्तपिपासूची कथा (१८१९) आली. एका ओल्या उन्हाळ्याची ही कमाई. मुंबईला असा पावसाळा दरवर्षी फुकट मिळतो.

कादंबरी निवडताना काय तपासायचं?

मुखपृष्ठावरची कवटी बघू नका. दुकानात किंवा वाचनालयात उभ्या उभ्या दहा मिनिटांत पुढचं तपासता येतं.

पहिली पाच पानं वाचा. त्यांत लेखकाने जगाचा इतिहासच सांगायला घेतला असेल (‘तीन हजार वर्षांपूर्वी सात राज्यं होती...’) तर सावध व्हा. चांगली डार्क फँटसी एखाद्या कृतीने सुरू होते. कोणीतरी उंबऱ्यावर मीठ टाकतं, का ते सांगत नाही, आणि तुम्ही पान उलटता.

मग बरोबर मधलं पान उघडा. तिथे संवाद आहेत की नुसतीच धुक्याची, वटवाघळांची वर्णनं? मधल्या पानावरही वातावरणनिर्मितीच चालू असेल तर कथेला चाक नाही असं समजा. शेवटचं पान वाचू नका, पण ‘पहिला खंड समाप्त’ असं काही छापलंय का तेवढं बघा. पंधरवड्यासाठी स्वतंत्र, एका खंडात संपणारी कादंबरी घ्यावी. मालिकेचा पहिला भाग घेतलात तर सर्वपित्रीला तुम्ही अधांतरी लटकलेले असाल. नकाशा किंवा नावांची यादी असेल तर उत्तम, नसेल तर काही बिघडत नाही.

अनुवाद असेल तर ‘संक्षिप्त’ किंवा ‘रूपांतर’ हे शब्द आतल्या पानावर शोधा. संक्षेपात सगळ्यात आधी कात्री लागते ती रेंगाळणाऱ्या प्रसंगांना, आणि भीती नेमकी तिथेच साचलेली असते.

‘नियम आणि किंमत’ असं सारखं म्हणतात, त्याचा अर्थ काय?

या प्रकारातली भीती राक्षसाच्या सुळ्यांत नसते, अटींमध्ये असते. आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे वेताळपंचविशी. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरातही ती आहे. राजाने झाडावरचं प्रेत खांद्यावर घेऊन मसणवटीत पोचवायचं. अट एकच : वाटेत बोलायचं नाही. प्रेतात शिरलेला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असूनही गप्प राहिलास तर डोकं फुटेल. उत्तर दिलंस तर मौन मोडलं, प्रेत परत झाडावर.

ही अट किती चिरेबंदी आहे बघा. राजाचा शहाणपणा हाच त्याचा फास. तो जितका न्यायी आणि हुशार, तितक्या खेपा जास्त. आणि सुटका कशी होते? शेवटच्या कोड्याचं उत्तर त्याला येत नाही म्हणून. अज्ञानामुळे तो गप्प राहतो, डोकंही शाबूत आणि प्रेतही खांद्यावर. मग वेताळच खूश होऊन त्याला सावध करतो, की ज्या भिक्षूसाठी तू हे ओझं वाहतोयस तो तुझाच बळी देणार आहे. साष्टांग नमस्कार घाल म्हणाला तर ‘आधी करून दाखव’ म्हण. (हजारेक वर्षं जुन्या गोष्टीचा शेवट फोडला तर चालतं.) यात नवा नियम शेवटी कुठूनही टपकत नाही. सुटकेची वाट पहिल्या अटीतच दडलेली होती.

हाच निकष कोणत्याही कादंबरीला लावा. ऐनवेळी एखादा मंत्र, एखादी तलवार, एखादा विसरलेला देव येऊन सगळं निस्तरत असेल तर लेखकाने हिशेब चुकवला आहे.

वाचताना वहीचं एक पान राखून ठेवा आणि त्यावर चार रकाने आखा : नियम, तो कोणी सांगितला, कोणी मोडला, किंमत कोणी दिली. दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. नियम सांगणारं पात्र खोटं बोलत असू शकतं, आणि चांगले लेखक हा डाव हमखास टाकतात. तीन-चारशे पानांच्या कादंबरीत सात-आठ नोंदी होतात. वीस झाल्या तर एकतर तुम्ही बारीकसारीक गोष्टी लिहिताय, किंवा लेखकाचा स्वतःच्या जगावरचा ताबा सुटलाय.

मराठी कादंबरीत आपली भुतं असली की ती आपोआप अस्सल होते का?

नाही. नावं देशी आणि वागणूक इंग्रजी सिनेमातली, असा प्रकार बराच दिसतो. आपल्या प्रत्येक भुताला हद्द आहे, कारण आहे, सवयी आहेत. मुंजा हा मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा, त्याचा मुक्काम पिंपळावर. हडळ बाळंतपणात गेलेली बाई. गिऱ्हा पाण्यातला. समंधाचा जीव राहून गेलेल्या इच्छेत किंवा पुरलेल्या धनात अडकलेला. चकवा तर मारतही नाही, रात्रभर त्याच माळावर गोल गोल फिरवतो आणि उजाडलं की सोडतो. आता एखाद्या कादंबरीत मुंजा विहिरीतून निघून लोकांचं रक्त पीत असेल, तर लेखकाने नुसतं नाव उसनं घेतलंय. मुंजाची भीती त्याच्या अपुरेपणात आहे. त्याला जे मिळालं नाही ते तो मागणार. ते काढून घेतलं तर उरतं काय?

कोकणातला देवचार आणि वेतोबा हे तर डार्क फँटसीसाठी तयारच बसलेले आहेत, कारण ते धड भूत नाहीत आणि धड सौम्य देवही नाहीत. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या वहाणांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा आहे. लालबाग-परळच्या गिरणगावात वाढलेल्या किती मालवणी घरांना हे सांगावंही लागत नाही. लेखकाने असा एक झिजलेला तळ नीट दाखवला तर धुक्याचं अख्खं प्रकरण लिहायची गरज उरत नाही.

रोज किती पानं वाचावीत?

४५० पानांची कादंबरी आणि पंधरा रात्री असं धरू. पहिल्या तेरा रात्री रोज ३० पानं, म्हणजे ३९०. उरलेली ६० शेवटच्या दोन रात्रींत, तीही रोज ३०च, पण शेवटाकडे वेग आपोआप वाढतो म्हणून ती लवकर संपतात. ३० पानांना बहुतेकांना पाऊण ते एक तास लागतो. पहिल्या दोन रात्री जास्त लागेल, नावं बसायची असतात.

प्रकरण संपवूनच थांबायचा हट्ट नको. लेखक प्रकरणाच्या शेवटी मुद्दाम गळ टाकून ठेवतो आणि रात्रीचे दोन वाजतात. प्रकरणाच्या मध्ये, एखाद्या शांत परिच्छेदापाशी थांबलात तर झोप बरी लागते आणि दुसऱ्या दिवशी धागाही लगेच सापडतो.

लोकलमध्ये वाचलं तर मजा जाते का?

सकाळच्या गर्दीत जाते. परतीच्या उशिराच्या गाडीत, खिडकीची जागा असेल तर उलट वाढते. गर्दीत वाचायचंच असेल तर आदल्या रात्रीची पानं पुन्हा चाळा आणि वहीतले रकाने भरा. नवा मजकूर रात्रीसाठी ठेवा. फक्त स्टेशन चुकू देऊ नका. अंधेरीला उतरायचं असताना बोरिवली गाठणं हा चकव्याचा पश्चिम रेल्वेवरचा अवतार.

तारखेवार वाचता येईल अशी एखादी जुनी कादंबरी आहे का?

आहे : ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७). सगळी कादंबरी रोजनिशा, पत्रं आणि कात्रणांची आहे आणि जवळजवळ प्रत्येकावर तारीख आहे. पहिली नोंद ३ मेची, अखेरचा सामना ६ नोव्हेंबरचा, त्यानंतर फक्त एक छोटं टिपण. ज्या दिवशीची नोंद त्याच दिवशी वाचायची, अशी पद्धत अनेक वाचक पाळतात.

यात दोन अडचणी येतात. एक म्हणजे छापील क्रम तारखेप्रमाणे नाही. ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात अडकलेल्या जोनाथनची रोजनिशी चौथ्या प्रकरणात ३० जूनला थांबते आणि पाचव्यात आपण पुन्हा मे महिन्यात, त्याच्या वाग्दत्त वधूच्या, म्हणजे मीनाच्या पत्रापाशी येतो. म्हणून आधी सगळ्या तारखा कागदावर उतरवून पानांचे आकडे समोर लिहून काढा. तासाभराचं काम आहे. दुसरी अडचण म्हणजे काही आठवडे नुसतंच थांबून राहावं लागतं. तिथे लोक सोडून देतात, पण जोनाथनचं काय झालं हे मीनालाही कळत नाहीये, तिची घालमेल अशा वेळीच अंगावर येते. वादळात जहाज किनाऱ्याला लागतं त्या कात्रणावर ८ ऑगस्ट आहे, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळा. ज्या संक्षेपात तारखा गाळल्या असतील तो यासाठी निरुपयोगी.

सोसायटीत गटाने वाचायचं आहे. व्यवस्था कशी करावी?

दहा-बारा माणसं पुरेत. वीसच्या वर गेलात की मागच्या रांगेत मोबाइल निघतात. अभिवाचनाचा वेग मिनिटाला १०० ते १२० शब्द ठेवा. साधारण २८० शब्दांचं पान अडीच मिनिटं घेतं, म्हणजे थांबे धरून दहा पानांना अर्धा तास. एका बैठकीत असे दोन भाग, मध्ये चहा. तिसरा भाग कोणी मागितला तरी देऊ नका.

वाचक दोनच असावेत. एक निवेदनाला, एक संवादांना. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज काढायचा मोह टाळा, हडळीचा चिरका आवाज काढला की खोली हसते आणि ती रात्र संपते. भीतीच्या जागी आवाज चढवायचा नसतो, उतरवायचा असतो, आणि वाक्य संपल्यावर मनात तीन मोजायचे. उतारा आदल्या दिवशी एकदा मोठ्याने वाचून बघा. जोडाक्षरं आणि लांब वाक्यं नेमकी तिथेच अडवतात जिथे थांबून चालत नाही. पेन्सिलीने श्वासाच्या जागी रेघ मारून ठेवा.

खोलीतला मुख्य दिवा बंद करा, पण वाचणाऱ्याच्या खांद्यामागून टेबललॅम्पचा पिवळसर उजेड पानावर पडू द्या. मेणबत्त्यांच्या उजेडात छापील मजकूर वाचता येत नाही आणि पडद्यांच्या शेजारी त्या नकोतच, एलईडीच्या लावा. पार्श्वसंगीत लावलंच तर शब्द नसलेलं, ऐकू येईल-न येईल इतकं. पावसात तेही नको. पत्र्यावर पडणारा पाऊस कोणत्याही ध्वनिमुद्रणापेक्षा सरस. गच्चीवर बसलात तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. बंद सभागृहात, आवाज बाहेर जाणार नाही असा चालतो.

पुस्तक जाहीर वाचायला परवानगी लागते का?

प्रकाशित साहित्यातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला कायद्याने सूट आहे. अख्खी कादंबरी बैठकीमागून बैठक वाचायची, तिकीट लावायचं किंवा ध्वनिमुद्रण करून टाकायचं असेल तर प्रकाशकाला लिहा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. स्टोकर १९१२ साली गेला, म्हणून मूळ इंग्रजी मजकूर मोकळा आहे. पण त्याच्या मराठी अनुवादाचा हक्क अनुवादकाकडे स्वतंत्र असतो, हे बरेच जण विसरतात. धारप २००८ साली गेले, त्यांचं लेखन २०६८ अखेरपर्यंत हक्कात राहील.

लहान मुलांना बसवावं का?

बारा-तेराच्या आतल्यांना डार्क फँटसी नको. त्यांना वेताळाच्या गोष्टी सांगा, त्याही निवडून.

हे सगळं अंधश्रद्धेला खतपाणी नाही का?

राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अघोरी प्रथा करणाऱ्यांसाठी आहे, कादंबरी वाचणाऱ्यांसाठी नाही. आणि नियम-किंमत तपासत वाचणारा वाचक बुवाच्या दारात सहसा सापडत नाही. ‘हा नियम कोणी सांगितला?’ असं विचारायची सवय त्याला लागलेली असते.

पुस्तकं कुठे मिळतील?

नवी हवीत तर दादर स्टेशनच्या आसपासची मराठी पुस्तकांची दुकानं गाठा. जुन्या आवृत्त्यांसाठी फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या परिसरातले आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलचे पदपथावरचे विक्रेते. तिथे मराठी गठ्ठा बहुधा खाली असतो, विचारावं लागतं. विकत घ्यायची नसतील तर १८९८ पासून चालू असलेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच. पितृपक्षासाठी पुस्तक गणपतीच्या आधीच घरात आणून ठेवा.

पावसात पुस्तक भिजलं, पानांना बुरशीचा वास येतो. काय करू?

भिजलेलं पुस्तक उघडून उन्हात ठेवू नका, पानं लाटांसारखी वाकतात आणि पुठ्ठा सुटतो. हेअर ड्रायरही नको. आधी पुस्तक मिटलेलं ठेवून कोरड्या सुती कापडात दाबून पाणी काढा. मग दर दहा-पंधरा पानांमध्ये टिश्यू पेपर घाला आणि पुस्तक पंख्याखाली थोडं उघडं, उभं ठेवा. कागद दर दोन-तीन तासांनी बदला. वर्तमानपत्र वापरलंत तर शाई उमटते. जवळजवळ कोरडं झालं की दोन जड शब्दकोशांच्या मध्ये दाबून ठेवा. गुळगुळीत आर्ट पेपरची चित्रं असतील तर ती ओली असतानाच एकेक सुटी करा, एकदा चिकटली की सुटत नाहीत. लगेच वेळ नसेल तर पुस्तक प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि दोन-चार दिवसांनी सवडीने वाळवता येतं.

बुरशी धरलीच असेल तर नाकातोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ कोरड्या ब्रशने कण्यापासून बाहेरच्या दिशेने झाडा. ओल्या फडक्याने पुसलंत तर डाग आत जिरतो. कपाट भिंतीपासून तीन-चार बोटं पुढे ओढा, पुस्तकं घट्ट कोंबू नका, आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या असतील तर पावसाळ्यात त्या महिन्याला एकदा बदला. बुरशीवालं पुस्तक पुरतं कोरडं होईपर्यंत इतरांपासून लांब ठेवा, आणि वाचनालयाचं असेल तर गुपचूप परत करू नका, खिडकीवर सांगा.